एक ते चार साइट बंद राहील

रवि. १२ जुलै २००९
ह्यांच्या बुटांच्या दुकानाची साइट झाली एकदाची. म्हणजे वंदनाने केली, मी फक्त मराठी टाइप केलं. तीन पानं. ह्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "बोर्ड कुठाय?"
कसला बोर्ड?
"दारावरचा."
तीस वर्षं दुकानाच्या दारावर आहे तो. दुपारी १ ते ४ बंद. बेल वाजवू नये. कडी वाजवू नये. शेजारी चौकशी करू नये.
वंदना म्हणाली, "बाप्पा! दादा, साइटला बेल कुठून आणू?" आम्ही दोघी हसलो. हे नाही हसले.
वंदना मेश्राम मूळची नागपूरची, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते. डावा पाय दीड इंच आखूड. अकरा वर्षं ह्यांनी केलेलेच बूट घालते, म्हणून तर रविवार मोडून इथे येते. नाहीतर कसब्यातल्या या बोळात कोण येतंय.

मंगळ. १४ जुलै
मालक येऊन गेले. इमारत पाडणार. दसरा झाला की गाळा रिकामा करा म्हणाले, चहा न घेता गेले.
हे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तीन नवे पाय आले तर दुसरी जागा बघू. नाही आले तर बूट शिवायचं मशीन विकायचं." हे माणसं मोजत नाहीत, पाय मोजतात. फोन आला तरी नाव-गाव नंतर, आधी "कोणता पाय?"
पूर्वी हाडांचे डॉक्टर चिठ्ठी देऊन पाठवायचे. ते निवृत्त झाले. आता दवाखान्यातच कॅटलॉगमधून बूट मागवतात. तेव्हा आता सगळी भिस्त साइटवर. बेळगावपासून गोंदियापर्यंत असतील की आखूड पायाची माणसं, पण आम्ही आहोत हे त्यांना कळणार कसं?
जागेचं काही वाटत नाही मला. हा माणूस मशीनशिवाय घरात बसला तर सहा महिन्यांत संपेल. त्याची भीती वाटते.

गुरु. १६ जुलै
एक वाजता डबा दिला. मागच्या खोलीत पडदा ओढून ह्यांनी बूट काढला. उजवा पाय पोलिओचा, सकाळी सातपासून त्याच्यावर उभे. सुजून हा एवढा. तीन तास उशीवर ठेवला की उतरतो. एक ते चारचं कारण एवढंच. स्वतःचा बूट इतका बेमालूम केलाय की गिऱ्हाइकांना आजवर पत्ता नाही. बूट काढलेला पाय माझ्याशिवाय कोणी पाहिलेला नाही.
लोक मात्र म्हणणार, पुणेरी खडूस.
वाईट वाटलं मला. वंदनाने ठेवलेल्या साइट बनवायच्या पुस्तकात बघून, तिला न विचारता, एक गोष्ट केली. एक ते चार साइट उघडली की फक्त बोर्ड दिसेल. चारला आपोआप दुकान उघडेल. दीड वाजता टेबलावरचा कॉम्प्युटर वळवून पडद्याच्या फटीतून दाखवलं.
"आता बरोबर," म्हणाले. माझ्या कामाला बरोबर म्हणायची ही दुसरी वेळ. पहिली कधी होती, आठवत नाही.

शनि. १ ऑगस्ट
सर्चमध्ये आम्ही नाही. पहिल्या पानावर नाही, दहाव्यावर नाही.
वं. म्हणते सर्चवाल्यांचा एक रोबो असतो. साइट-साइट फिरतो, दिसेल ते वाचतो, टिपून घेतो. कोणी काही शोधलं की टिपणातून काढून देतो. फोटो त्याला वाचता येत नाहीत, तर फोटोंखाली शब्द लिहा. आणि लोकांचे शब्द लिहा. "'अस्थिव्यंगोपयोगी पादत्राणे' हे कोण टाइप करते, ताई? लोक 'लंगडं पोरगं, बूट' असंच लिहितात."
मागून हे, "तो शब्द माझ्या दुकानात यायचा नाही."
"माझी माय जिंदगीभर मला तेच म्हणून राहिली, दादा. तिनं शोधलं असतं तर तोच शब्द टाकला असता न."
हे उठून बाहेर गेले. वंदना बुटाच्या नाड्या सोडून परत बांधत बसली. शेवटी तो शब्द नाहीच घेतला. 'एक पाय आखूड', 'पोलिओ बूट', 'वाढवलेली टाच', 'कसबा पेठ पुणे' असं घातलं. मथळ्यातही तेच.

बुध. १२ ऑगस्ट
स्वाइन फ्लू. मंडईत भाजीवाल्यासुद्धा पदर नाकाला बांधून. पेठेत शुकशुकाट. नवे पाय शून्य. जुनं एक गिऱ्हाईक टाच बदलून गेलं, बस.
माझं लग्नपत्रिकांचं टायपिंगही नाही. मी दिवसभर साइट उघडून बघते. काय बघते देव जाणे.

रवि. ६ सप्टें.
वं. सकाळीच लॅपटॉप घेऊन. "ताई, सापडलो! चौथ्या पानावर." मी धावत गेले. खरंच आमचं नाव. आणि नावाखाली फक्त:
दुपारी १ ते ४ बंद. बेल वाजवू नये. कडी वाजवू नये. शेजारी चौकशी करू नये.
"हे कुठून आलं?"
सांगावं लागलं. तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे रोबो दुपारी येऊन गेला. त्याला बोर्डच दिसला. बाकी काही वाचलंच नाही त्यानं."
सात आठवडे! ती मर मर मरून शब्द शोधतेय आणि मी शहाणीने दाराला कडी लावून ठेवलेली.
हे शांतपणे म्हणाले, "त्याने वेळ पाळायला हवी होती."
माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमचा पाय सुजतो म्हणून दुकान बंद, ठीक आहे. साइटचा पाय सुजतो का?"
बोलून गेले. वंदनासमोर. वं. खाली बघत राहिली, ह्यांच्या बुटाकडे नाही, स्वतःच्या. इतकी वर्षं झाकलं आणि एका वाक्यात उघडं केलं मी. जीभ झडली का नाही माझी.

सोम. ७ सप्टें.
साइटचं एक ते चार काढून टाकलं. रोबोला परत ये म्हणून विनंती पाठवायची सोय असते, ती पाठवली. कधी येईल? वं. म्हणते त्याच्या मनावर.
ह्यांनी डबा घेतला. पडदा पूर्वी जरा फट ठेवून ओढायचे, आज भिंतीपर्यंत ओढला.

मंगळ. २२ सप्टें.
रोबो नाही. सर्चमध्ये अजून तोच बोर्ड.
एक फोन आला. ह्यांनी झडप घालून घेतला. "कोणता पाय?" पलीकडे कोणीतरी हिंदीत, आपकी वेबसाइट पहले नंबर पे लाएंगे. हे म्हणाले, "आम्ही शर्यतीत नाही," आणि ठेवला.
झडप घातलेली मी पाहिली. नसती पाहिली तर बरं झालं असतं.

सोम. २८ सप्टें. दसरा
मशीनला झेंडूचा हार. हळदकुंकू. ह्यांनी नेहमीसारखं तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. कशाला, ते विचारलं नाही.
नवे पाय शून्य. बॅगा शिवणारा एक जण मशीन घेतोय.

बुध. ३० सप्टें.
गाळा रिकामा. मशीन हातगाडीवरून घरी, नारायण पेठेत. बॅगवाला इथूनच नेईल. फोनही घरी घेतला, नंबर तोच. पायांचे लाकडी साचे पोत्यांत भरून खाटेखाली. प्रत्येकावर नाव आहे. वंदनाचाही आहे. टाकू का विचारलं तर ह्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे.
मग ह्यांनी कागदावर लिहून दिलं: दुकान कायमचे बंद झाले आहे. कृपया चौकशी करू नये.
"साइटवर लाव. दिवसभर दिसू दे."
लावलं. खाली जुनी पानं आणि फोन नंबर तेवढे राहू दिले. का, सांगता येत नाही.

शनि. १० ऑक्टो.
वं. आली. बसली, पाणी प्यायली, मग म्हणाली, "ताई, पहिले आलो."
'पोलिओ बूट पुणे' टाकलं की सगळ्यात वर आम्ही. शब्दही सगळे टिपलेत त्याने. आणि नावाखाली, कायमचे बंद झाले आहे. कृपया चौकशी करू नये.
या आठवड्यात आला रोबो मेला. आता आला!
हसायला लागले आणि मग रडायला लागले. वंदनाने पाठीवर हात ठेवला. हे आतून म्हणाले, "बरोबरच लिहिलंय त्याने."
बॅगवाला सोमवारी चारला येतोय.

सोम. १२ ऑक्टो.
दुपारचे पावणेदोन. हे खाटेवर, पाय उशीवर, बूट भिंतीशी. मशीनवर जुनी चादर टाकून ठेवलीय. मला तिकडे बघवत नाही म्हणून लिहीत बसलेय.
फोन वाजतोय. एक ते चार आम्ही उचलत नाही.
थांबला.
परत वाजतोय. हे छताकडे बघतायत. थांबला.
तिसऱ्यांदा. उठले. बूट न घालता. भिंतीला धरून, पाय ओढत. दार सताड उघडं, समोरच्या वहिनी गॅलरीत उभ्या. मी उठणार होते, हाताने नको म्हणाले.
"दुकान बंद झालंय हो. लिहिलंय की तिथे, चौकशी करू नये."
पलीकडची बाई बोलतेच आहे. मला इथपर्यंत आवाज येतो, शब्द कळत नाहीत. हे ऐकतायत. फोन ठेवत नाहीत. मशीनला टेकून उभे आहेत.
"हो. हो, ऐकतोय."
"कोणता पाय?"