कुळाचं माणूस समोर पाहिजे

उटनूरजवळची वाडी,
दि. २४ ऑक्टोबर १९५६

वहिनी,

तुमच्या पाया पडतो. दादाला नमस्कार, बाळीचा गालगुच्चा.

पोळ्यापासून लिहीन लिहीन म्हणतो अन् टाळतो. कागद काढला की कोणी तरी हाक मारतं. काल एकाची म्हैस चिखलातून काढायला गेलो तो तिकडंच जेवलो. भैंसा गावच्या दादाच्या दुकानात कधी बसतोस, असं विचारलं तुमी. सांगतो, थांबा.

मी सध्या माणिकराव सरांसोबत फिरून राह्यलो. नागपूरच्या कॉलेजात शिकवतात. गावोगावची जुनी घरं मोजतात, अन् किंगरी ऐकून लिहून घेतात. किंगरी म्हणजे गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या परधान लोकांची तीन तारांची सारंगी. फीत धरायचं अन् मापं लिहायचं काम माझं.

इथं आत्राम पाटलाचं घर आहे. सागाचे खांब, कुडाच्या भिंती, पण बंद पडलेलं. पाटील वारले, अन् त्यांची बायको राहीबाई दिराशी भांडून राजुऱ्याला लेकीकडं गेली. सरांनी अख्खं घर मोजलं. पण या कुळाची कथा एकट्या सोनेराव परधानालाच येते, अन् ती वाजवायची तर कुळाचं माणूस समोर पाहिजे.

सर मधल्या खांबाला टेकून बसले. "बाबा, मीच बसतो. वाजवा."

सोनेराव हसले. "साहेब, तुमी बसले तं तुमच्या कुळाची लावा लागंल. ते मले येत नाही."

"दीर आहे ना शेजारी?"

"त्यानं भावजयीले बाहेर काढलं. त्याच्यापुढं मी किंगरीवर गज धरत नाही."

"मंग राहीबाईले निरोप धाडू," मी म्हटलं.

"धाड ना. सरकार राज्यं वाटून राह्यलं; राजुरा चाललं मुंबई राज्यात, आपण आंध्रात. माझी किरकिर ऐकाले सरहद्द ओलांडून येते का ते?"

तरी एका बैलाच्या व्यापाऱ्याहाती निरोप धाडला. पंधरवडा झाला, उत्तर नाही.

वहिनी, कथा मिळाली तर सर हिवाळाभर इथंच राहणार अन् मला ठेवून घेणार. नाही तर उद्या ते नागपूरला, मी दुकानात. दुकान वाईट नाही. पण मापं लिहिताना माझं चित्त कुठंच पळत नाही हो. असं आजवर झालं नव्हतं. दादाला हे सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून पत्र रखडलं.

मधेच उठावं लागलं. पाटलाच्याच ओसरीत बसून लिहीत होतो, सर अन् सोनेराव शेजारी. दारात बैलांची दमणी आली. राहीबाई! शेजारच्या दारात उभ्या दिराकडं पाह्यलंसुद्धा नाही. सरळ आत गेली, खांबापाशी बसली.

"काऊन रे सोनेराव, तार लावली का नाही? मी का घर पाहाले आली?"

"बाई, सरहद्द..."

"सरहद्द पडाले अजून आठ दिवस हायेत म्हणे. म्हणूनच आता आली."

सोनेरावांनी डोळे पुसले अन् किंगरी मांडीवर घेतली. सर पेन्सिल शोधून राह्यले, ती माझ्या कानावर आहे.

दादाला तुमीच सांगा, यंदा माझी वाट पाहू नका. पहिला सूर निघाला, जातो.

तुमचा, सध्या तरी एका जागी टिकलेला,
उद्धव