तीन खाचांचा बांबू

वाघडोह,
शुक्रवार, १० डिसेंबर

चिरंजीव देवचंद,

तुझ्या बाईचा, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. इकडे सगळे खुशाल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. माय बरी आहे, पायाची खाज सोडली तर. झिंगे धरायला आम्ही बाया आता नदीत उतरत नाही. पाय घातला की गुडघ्यापर्यंत आत जातो आणि वर काढला की सिमेंटच्या कामावरून आल्यासारखा दिसतो. तुझा फोन लागत नाही, म्हणजे तू लागू देत नाहीस, म्हणून हे कागदावर.

मंगळवारी तू ड्यूटीवर असताना मी वीज केंद्राच्या वसाहतीत तुझ्या क्वार्टरवर आले होते. तुझ्या बायकोनं, कुंदानं सांगितलं असेल. चहा दिला, पोहे केले, चांगली वागली. अंगणातली कपड्यांची दोरी ज्या बांबूला बांधली होती तो मी सोडून आणला, हे तिनं सांगितलं नसेल. कपडे मी घड्या करून खाटेवर ठेवले. कुंदा म्हणाली, "बाई, मी आता कपडे कायले वाळवू?" मी म्हटलं, "चिमनीखाली राहतेस, वाळवून तरी कुठं पांढरे राहतात?" तिला राग यायला पाहिजे होता. पण ती म्हणाली, "न्या. मी पाह्यलंच नाही." तिला बोलू नकोस.

तो बांबू बाबांचा आहे. नदीत डोंगा हाकायचा. बाबांनी त्याच्यावर खालून वर तीन खाचा केल्या, त्या तुला माहीत आहेत, कारण चाकू तूच धरला होतास. हिवाळ्यात डोहाच्या मधोमध बांबू उभा केला की पाणी तिसऱ्या खाचेला लागायचं. बाबा म्हणायचे, जोवर तिथं लागते तोवर आपल्या घरी मासोळीले तोटा नाही.

बुधवारी मी आणि शेजारची पार्बता डोंगा घेऊन तिथं गेलो. बांबू नुसता टेकवला. पाणी पहिल्या खाचेला. पार्बता म्हणाली, "सायत्राबाई, डोह बुजला वो." मी म्हटलं, दाब. दोघींनी अंगाचा भार टाकला, तर बांबू सरसर खाली गेला, जसा ओल्या पिठात जावा, आणि मग खाली वाळूला ठक्क लागला. मी वर पाहिलं. पाणी तिसऱ्या खाचेला. देवा, बाबांचा डोह आहे तिथंच आहे. त्याच्या उरावर दोन खाचा तुमची राख बसली आहे. मला तिथं डोंग्यात बसून रडू आलं, आणि मग असा संताप आला की पार्बता घाबरली.

भादव्यात तुमच्या वीज केंद्राच्या राखेच्या तलावाची पाळ फुटली तेव्हा तुमचे साहेब म्हणाले, थोडी झिरपली. सोमवारी चौकशीचे लोक येणार आहेत. कंपनीवाले त्यांना दोन वर्षांपूर्वीचा कागद दाखवणार: डोहाची खोली पहिल्यासारखीच आहे, मासोळीचं नुकसान नाही. खाली मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाची सही. म्हणजे माझी.

गावाला वाटते मला फसवलं. सरपंच काल घरी येऊन बसला. म्हणे, "बाई, सांगून द्या ना, वाचता येत नव्हतं. बाईमानूस, कोन इचारते?" मी सातवी शिकली, देवा. तो कागद तू आणलास, चुलीपाशी बसलास, म्हणालास, "बाई, एक सही तं पाह्यजे. मग मी नोकरीत पक्का होतो." मी तो दोनदा वाचला. पाळीतून तेव्हाही पाझरत होतं, मी रोज त्याच पाण्यात उभी राहायची. खोटं आहे हे कळून मी सही केली.

का केली ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. नवऱ्याचं घर सोडून मी आले तेव्हा साऱ्या पंचांसमोर तू एकटा उभा राहिलास. तेव्हा मिशीही फुटली नव्हती तुला. म्हणालास, बाई इथंच राहील, ज्याला नाही पटत त्यानं आमच्याकडे पाणी पिऊ नये. ते मी विसरले नाही. त्या उपकारापायी मी अख्ख्या गावाची नदी तुला देऊन टाकली. ती माझी नव्हती द्यायला.

सोमवारी मी सांगणार आहे की मला वाचता येत होतं. कागद कोणी आणला हेही सांगणार आहे, कारण ते विचारतील आणि मी आता थांबणार नाही. माझं अध्यक्षपद जाईल. केस केली तर करोत. तुझी नोकरी जाईल का, मला माहीत नाही. जाऊ शकते. म्हणून दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. माफी मागायला हे पत्र लिहिलं नाही आणि तुला माफ करायलाही नाही.

बांबू परत मिळणार नाही. कुंदाला दोरीसाठी दुसरा आणून दे.

सोमवारी अकरा वाजता साहेब लोकांसमोर आम्ही तो पुन्हा डोहात घालणार. राख घट्ट होत चालली आहे, दोन बायांचा जोर पुरेल की नाही सांगता येत नाही. तुझी ड्यूटी दोनची आहे, कुंदाला विचारून घेतलं. डोंग्यात तिघांची जागा आहे. पार्बताला मी अजून सांगितलं नाही की तिसरं कोण.

नाही आलास तर हे पत्र तुझ्या साहेबाला दाखव. खुशाल दाखव. म्हणूनच खाली नुसतं 'तुझी बाई' लिहीत नाही. त्या कागदावर केली होती तशीच पूर्ण सही करते, म्हणजे त्यांना जुळवून पाहता येईल.

सायत्रा गोमाजी डहारे
अध्यक्ष, सोमवारपर्यंत