बरणी हलवायची नाही

चिंचवड, सोमवार, १४ ऑक्टोबर १९७४

काय करून बसलो मी हे?

फर्स्ट शिफ्ट करून आलो तर दारावर गेरूने आजची तारीख. हिवतापवाले घरात डी.डी.टी. मारून गेले होते. कोनाड्यातली बरणी जागच्या जागी. तळवड्याच्या माळावरून आणलेला मोठा केसाळ कोळी, खरं तर मादी, दोन वर्षं त्या बरणीतल्या मातीत बीळ करून राहते.

"बरणी बाहेर का नाही नेलीस?" बायकोवर ओरडलोच.

"तुम्हीच म्हणता ना, बरणी हलवायची नाही, बीळ ढासळतं. मी वर ओलं फडकं टाकलं होतं."

नियम माझाच.

बिळाचं तोंड पांढऱ्या जाळ्याने बंद. सकाळी बंद होतं का? घाईत बघितलंच नाही. औषध लागलं, आत मरत असणार, एवढंच डोक्यात. तासभर कसाबसा थांबलो. मग चहाच्या चमच्याने जाळं फाडलं, माती उकरली. ती उताणी, पाय वर. गेली म्हणून उचलली.

तेव्हा दिसलं. जुनं कातडं उकललं होतं आणि आतून दुधासारखं ओलं अंग बाहेर येत होतं. ती कात टाकत होती. त्यासाठीच दार लावून घेऊन उताणी झाली होती ती. एक पाय तुटून चमच्यात राहिला.

बायकोने दिवसभर बरणी जागची हलवली नव्हती.

तिला परत मातीवर ठेवलंय. तिचा पाय हलतोय, का माझ्याच हाताने बरणी हलतेय, कळत नाही.