मठाच्या टाक्याचा बोळा

लुचिना, १० सप्टेंबर

प्रिय लोव्रे,

आधी बातमी, मग खुशाली. नाहीतर तू शेवटचं पान आधी उघडशील, तुझी सवय मला माहीत आहे. आपण जिंकलो. मठाची बाग परवा, मेरीमाउलीच्या सणाच्या दिवशी, सगळ्या गावासाठी उघडली. लिंबाची चाळीसच्या चाळीस झाडं उभी आहेत आणि त्यातल्या तेविसांवर फळ आहे. आणि दारातल्या दगडावर तुझं नाव नाही. ते तिथे कोरलं जाणार होतं, आणि कशासाठी ते तुला सांगायला नको. ते कसं टळलं हे सांगायला बसले आहे. पण मी क्रमानं सांगणार. अठ्ठेचाळीस वर्षं थांबलास, आणखी चार पानं थांब.

तू गेलास तेव्हा मठात कामगारांचं विश्रामगृह होतं आणि आई तिथल्या स्वयंपाकघरात राबत होती. पुढे युद्धात तिथे निर्वासित राहिले, आणि ते गेल्यावर पालिकेनं जे कुलूप घातलं ते वर्षानुवर्षं कुणी काढलं नाही. शाळेत शिकवायचे ते आठवतं ना? साधूंनी सहाशे वर्षं बाग राखली, मग फ्रेंच सैनिकांनी त्यांना हाकलून ओवऱ्यांमध्ये घोडे बांधले, मग तिथे तेलाचे बुधले आले, मग बराकी. ज्याला जे हवं ते त्यानं मठात केलं, पण बागेच्या वाटेला कुणी गेलं नाही, कारण सगळ्यांनाच लिंबू लागायचं. घोड्यांना जे जमलं नाही ते १९७७च्या सप्टेंबरात झालं. मी लहानपणी त्या वाळलेल्या खोडांच्या बाजूनं शाळेत जायचे आणि डोळे मिटून चालायचे. दोनदा विहिरीच्या दांडीवर आपटले, कपाळावरची खूण अजून आहे.

एक झाड मात्र वाचलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेलं, ज्याला आई भांडी धुतलेलं पाणी घालायची. टाक्याचं पाणी पिऊन एकोणचाळीस झाडं मेली आणि ही म्हातारी खरकट्यावर जगली. अकरा वर्षांपूर्वी मी पोस्टातून निवृत्ती मागितली, पालिकेकडून बागेची किल्ली मागितली, आणि या म्हातारीकडून कलमाचे डोळे मागितले. कडू संत्र्याचे खुंट बियांपासून वाढवले आणि त्यांच्यावर डोळे भरले. पहिल्या वर्षी बारा भरले, दोन लागले. बार्बा निक्शा, अख्ख्या गावाचे काका, रोज कुंपणावर कोपर टेकून बघायचे. तेच, पाथरवट, चौऱ्याऐंशीचे झाले तरी छिन्नी सोडलेली नाही. म्हणाले, "दिंके, साधूंना सहाशे वर्षं लागली. तुझं वय काय?" मी म्हटलं, "साधूंच्या डोक्यावर असं कुणी कुंपणावरून बघत बसलेलं नसायचं." दुसऱ्या दिवशी स्वतःच खुंटांना बांधायला काथ्या घेऊन आले.

पाण्यावरून मोठी लढाई झाली. स्प्लिट शहरातून आलेला इंजिनिअर म्हणाला, "बाई, नळ आहे की. हे जुनं टाकं कशाला उपसताय?" मी त्याला ऑगस्टातलं नळाचं मचूळ पाणी ग्लासभर दिलं. एक घोट घेऊन तो नुसतं "हं" म्हणाला, आणि सोमवारी पन्हळी साफ करायला माणसं आली. टाकं उपसलं, भेगा बुजवल्या, छपराची कौलं फिरवली. मी प्रत्येक पाणी आधी जिभेवर धरून बघते, मग ते टाक्याचं असो, बाटलीतलं असो, लग्नाच्या पंगतीतलं असो. लोक हसतात. हसू देत.

आता दगडाकडे येते. पालिकेनं ठरवलं की बागेच्या दारात मठाचा इतिहास कोरून लावायचा. मजकूर शिमेमास्तरांनी लिहिला, कोरायला बार्बा निक्शांकडे दिला. मी ऑगस्टमध्ये सहज त्यांच्याकडे डोकावले तर कागद दगडावर पसरलेला. साधू, फ्रेंच, तेल, बराकी, आणि सातवी ओळ अशी: "१९७७. माळ्याचा मुलगा लोव्रे याच्या निष्काळजीपणामुळे बाग वाळली." मी म्हटलं, ही ओळ काढा. बार्बांनी चष्मा कपाळावर सरकवला. "का? खोटी आहे? साऱ्या गावाला ठाऊक आहे. खारट हे नाव काय आम्ही बसून शोधलं? त्यानंच कमावलं." तू गेल्यावर ते नाव इथेच राहिलं, लोव्रे. ज्यांनी तुला पाहिलंसुद्धा नाही ती माणसं मला मासळीबाजारात "खारटाची बहीण" म्हणून हाक मारतात. आणि पालिकेत टेबल आपटणारी मी, इंजिनिअरला पाणी पाजणारी मी, त्या दगडासमोर मुकी झाले. बार्बांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "ठीक आहे. तेवढी जागा कोरी ठेवतो. सणापर्यंत. पुढे मला थांबायला सांगू नकोस, या वयात मी उधारीवर श्वास घेतोय."

तीन आठवडे मी त्या कोऱ्या जागेशी भांडत होते. तुला पुढचं सगळं माहीत आहे, तरी मला ते एकदा कागदावर उतरवू दे. आपण इतकी पत्रं लिहिली. हवा लिहिली, बाळंतपणं लिहिली, आईचं आजारपण लिहिलं. त्या बोळ्याबद्दल मात्र एक अक्षर कधी तूही लिहिलं नाहीस आणि मीही नाही.

बाबा हर्नियाच्या ऑपरेशनला स्प्लिटला गेले होते. टाक्यात वीतभर पाणी उरलं होतं आणि त्यात आपली वाम मासोळी. सगळे साधू गेले तरी ती गेली नव्हती म्हणून आपण तिला मठाधिपती म्हणायचो. पाण्यातल्या अळ्या खाऊन ते स्वच्छ ठेवायचं हे तिचं काम. बाबांचा नियम तुला तोंडपाठ होता: उन्हाळ्यानंतरचं पहिलं पाणी टाक्यात जाऊ द्यायचं नाही. छपरावरची धूळ आणि दक्षिणेच्या वाऱ्यानं उडवलेलं समुद्राचं मीठ धुऊन जाईपर्यंत पन्हळीच्या तोंडात बोळा. आणि हे काम कधी एकट्यानं करायचं नाही. एकानं छपराखाली उभं राहून पाणी चाखायचं, तो "गोड" म्हणाला की दुसऱ्यानं बोळा काढायचा. जीभ एकाची, हात दुसऱ्याचा, म्हणजे कुणा एकाची घाई चालत नाही. त्या वर्षी जीभ तुझी होती आणि हात माझा. तू सतरा वर्षांचा, मी नऊ. तीन दिवस वारा सुटला होता, लाटा थेट मठाच्या कौलांवर फुटत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी पाऊस आला, आणि तू धक्क्यावर मारिएताबरोबर. मी तुला तीन हाका मारल्या. वाम त्या वीतभर पाण्यात कुशीवर पडली होती, तोंड उघडं. मला वाटलं, आता मरते.

दोन आठवड्यांनी पानं वळायला लागली. बाबा घरी आले, पोटावरचे टाके सांभाळत टाक्यापाशी गेले, बोटभर पाणी जिभेवर ठेवलं आणि थुंकले. "बोळा कुणी काढला?" मी दारामागे होते, फडक्याचं टोक तोंडात कोंबून. तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "मी." बाबा तुझ्याशी पुन्हा बोलले नाहीत, आणि मार्चमध्ये तू पर्थच्या मामाकडे निघालास. बोटीवर चढताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालास, मठाधिपतीला सांभाळ. मी तिला सांभाळलं. आणखी नऊ वर्षं जगली ती.

परवा अख्खं गाव बागेत होतं. नगराध्यक्षांचं भाषण झालं, तेही एकदाचं संपलं. बार्बा निक्शांनी बादलीतून नवी वाम आणली होती, ती फादरांनी आशीर्वाद देऊन टाक्यात सोडली. मग दगडावरचं कापड निघालं आणि सगळ्यांना सातवी ओळ कोरी दिसली. मी टाक्याच्या कठड्यावर चढले. सत्तावन्न वर्षांची बाई, सणाचे बूट घालून. म्हटलं, त्या ओळीबद्दल बोलायचं आहे. बोळा लोव्रेनं काढला नाही, मी काढला. वाम मरेल म्हणून काढला. पाऊस अर्ध्या तासात थांबला, मी बोळा परत कोंबला आणि कुणालाही सांगितलं नाही. लोव्रेला वाटलं आत थेंबही गेलेला नाही, म्हणून त्यानं न चाखता झाडांना पाणी घातलं. बाबांना तो माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी आजपर्यंत खरं बोलले नाही. पहिले बोलले ते बार्बा. "म्हणजे इतकी वर्षं आपण भलत्याच माणसाला खारट म्हणतोय." आणि मागून कुणी हाक द्यावी तसा मारिएताचा आवाज आला, पाच नातवंडांची आजी झालेल्या मारिएताचा: "मला ठाऊक होतं. पाऊस पडला तेव्हा तो माझ्याबरोबर होता, जाळ्यांच्या खोपटात. पण हे तेव्हा सांगितलं असतं तर माझ्या बापानं मला त्याच टाक्यात बुडवलं असतं." लोव्रे, बाग हसून हसून हलली. तिचा नवरासुद्धा हसत होता, जरा उशिरानं.

बार्बांनी विचारलं, "मग ओळ कोरीच ठेवू का?" मी म्हटलं, कोरा. काल दुपारी काम पुरं झालं. आता तिथे असं आहे: "१९७७. माळ्याची मुलगी दिंका हिने बोळा काढला, बाग वाळली. तिनेच ती पुन्हा लावली." शिमेमास्तरांना वाक्य फार घरगुती वाटलं. बार्बा म्हणाले, दगड माझा, छिन्नी माझी. संध्याकाळी मी बाबांच्या कबरीवर गेले आणि त्यांनाही सगळं सांगितलं. तिथे कुणी हसलं नाही. मी पुष्कळ रडले, आणि घरी आल्यावर चार अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

मार्गरेटवहिनीनं मागे लिहिलं होतं की तुझ्या अंगणात एकही झाड नाही, सगळीकडे फरशी घातलीस, आणि अजून प्रत्येक पाणी गिळण्याआधी तू जिभेवर धरतोस. तिला ती गंमत वाटते. मी ते वाचून स्वयंपाकघरात खाली बसले होते. मला माफ कर, लोव्रे. हे लिहायला मला इतका वेळ लागला त्यासाठी तर जास्तच. आणि आता काम ऐक, कारण पत्र त्यासाठीच आहे. छपरावर उन्हाळ्याचं मीठ बसलं आहे. टाक्यात वीतभर पाणी आहे आणि नवा मठाधिपती त्यात फिरतो आहे. पाऊस ऑक्टोबरच्या आत काही यायचा नाही, आणि तिकीट महिनाभर आधी काढलं की मिळतं, मी विचारून ठेवलं आहे. बोळा मी माझ्या हातानं घट्ट बसवला आहे. चाखायला गावातले निम्मे लोक तयार झाले, बार्बा तर रोज जीभ काढून दाखवतात. मी सगळ्यांना नाही म्हटलं. हात इथे आहे, जीभ तिकडे आहे, आणि हे काम एकट्यानं करायचं नाही. तू छपराखाली उभा राहा आणि "गोड" म्हण. तोवर मी बोळ्याला हात लावणार नाही.

तुझीच,
आता गाव जिला खारट म्हणतं ती
दिंका