खुर्चीवाल्या बाई

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तू घाबरली असशील. मग, फोन असताना हिला कागद-पेन घेऊन बसायची काय अवदसा आठवली, असंही म्हणाली असशील. मी धडधाकट आहे. तिकीट पक्कं आहे, या महिन्याच्या शेवटी घरी येतेय. इथल्या डॉक्टरीणबाई माझ्याआधी तिकडे निघाल्यात, त्यांच्याबरोबर हे देतेय, म्हणजे मी पोचायच्या आत तुझ्या हातात पडेल. तुला फोन करावा तर अण्णा शेजारीच बसलेले असतात, आणि तुझा आवाज ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलत बसते.

तू परवा मेसेजमध्ये लिहिलंस, 'ये बाई लवकर. तू आलीस की अण्णा माणसांत येतील. मला ओळखत नाहीत, शेजाऱ्यांना ओळखत नाहीत, पण रविवारी तुझा फोन झाला की दिवसभर खुललेले असतात.' ते वाचलं आणि मी हातातला पान्हा खाली ठेवला. हे पत्र त्याच ओळींसाठी आहे. पण एकदम तिथे यायचा धीर होत नाही, म्हणून आधी इकडचं सांगते. तेवढं सोस.

वर्ष कसं गेलं म्हणशील तर वंगणात गेलं. इस्पितळामागे पत्र्याची लांबलचक शेड आहे, तेच आमचं वर्कशॉप. दान आलेल्या चाकांच्या खुर्च्या तिथे ढिगाने येऊन पडतात. एकीला डावं चाक नाही, दुसरीला ब्रेक नाही, तिसरीची गादी उंदरांनी खाल्लेली. दोन-तीन मोडक्यांतून एक चालती करायची, हे आमचं काम. अण्णांच्या सायकलच्या दुकानात फ्रॉकला हात पुसत वाढलेली मी, मला तिथे परकं वाटलंच नाही. पंक्चरच्या सोल्युशनचा वास इथेही तोच. पहिल्याच दिवशी एक वाकडं फिरणारं चाक स्टँडवर चढवलं, तारा आवळून-सैल करून त्याचा आउट काढला, ते सरळ फिरायला लागलं, तर इथले म्हातारे मिस्त्री काम सोडून बघत उभे राहिले. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. पण दहाचा पान्हा हवा की बाराचा, हे बोटांनी सांगता येतं. हळूहळू मी 'दुखतं का', 'घट्ट होतंय का' एवढं शिकले, आणि खरं सांगायचं तर वर्षभर तेवढ्यावरच भागलं.

खुर्ची तयार झाली की मला घाई व्हायची, कधी एकदा देऊन टाकते. मिस्त्री देऊ द्यायचे नाहीत. आधी माणसाला तिच्यात बसवायचं आणि समोर स्टूल ओढून आपणही बसायचं. पाय कुठे लोंबकळतात, मान कुठे जाते, नुसतं बघत राहायचं. एक पोस्टमन होता, अपघातात कंबरेखाली लुळा पडलेला. तो बसला की डावीकडे कलायचा. मी खांद्याला धरून त्याला सरळ करायची, हात काढला की स्वारी पुन्हा डावीकडे. मिस्त्रींनी माझा हात बाजूला केला, डाव्या अंगाची गादी उंच केली, हात टेकायची पट्टी थोडी वर घेतली. पोस्टमन कलूनच बसला, पण आरामात बसला. आता खुर्चीत काही बिघाड नसतानाही दर आठवड्याला येतो, माझ्या वाटणीचा चहा पितो आणि मला भाषा शिकवल्याचा आव आणतो.

राहायची खोली आवारातच. एक खाट, एक टेबल, आणि खिडकीतून दिसणारी इस्पितळाच्या धोब्याची दोरी. दिवस कामात जायचा, पण संध्याकाळ खायला उठायची. धोबी चादरी काढून घेऊन गेला की बघायलाही काही उरायचं नाही. तुझी आठवण यायची, ताई. जाताना तू म्हणालीस, 'वर्षाचा तर प्रश्न आहे, मी आहे ना.' तेव्हा अण्णा फक्त चष्मा विसरायचे, तोही कपाळावर ठेवून. आपण दोघी हसायचो. मी रविवारच्या फोनसाठी आठवडाभर गोष्टी साठवायची.

रविवारी तू फोन लावून अण्णांच्या हातात देतेस आणि पिशवी घेऊन भाजीला जातेस. तेवढाच तुझा मोकळा वेळ. त्यामुळे आम्ही काय बोलतो ते तुझ्या कानावर कधी पडलंच नाही. इकडे थंडी सुरू झाली त्या सुमाराची गोष्ट. अण्णांनी विचारलं, 'कोण बोलतंय?' मी म्हटलं, 'कोण म्हणजे? मी, धाकटी.' ते मोठ्यांदा हसले. 'थट्टा करता होय बाई? धाकटी परदेशात असते. तिचा आवाज मला कळत नाही होय?' मला वाटलं, एखाद्या दिवशी होतं असं. पुढच्या रविवारी मी हट्टालाच पेटले. लहानपणचं सगळं सांगितलं, दुकानात बेरिंगच्या छर्‍यांचा डबा सांडला होता तेही सांगितलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाले, 'तुम्हाला हे सगळं कसं माहीत? तिचं काही बरंवाईट झालंय का? मला सांगायला म्हणून तुम्ही फोन करता का?' आणि रडायला लागले. अण्णा, ताई. आई गेली तेव्हाही आपल्यासमोर न रडलेले अण्णा. मी म्हटलं, 'नाही हो, ती मजेत आहे. मी तिच्याच वर्कशॉपमधली.' तेव्हा कुठे ते शांत झाले.

तेव्हापासून मी खुर्चीवाल्या बाई आहे. ते खुलतात ते माझ्यासाठी नाही, त्या बाईंसाठी. त्यांना ते सगळं विचारतात, कुठली तार तुटली, बेरिंग कुरकुरतंय का, आणि सल्ले देतात. अजून एकही सल्ला चुकलेला नाही. धाकटीबद्दल तर किती बोलतात! 'तिच्या हाताला चाक कळतं. माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं, पण तोंडावर म्हटलं नाही कधी, शेफारली असती.' मी ह्या टोकाला तोंडावर हात दाबून बसलेली. आणि मग दर वेळी, फोन ठेवायच्या आधी, आवाज हळू करून विचारतात, 'पण ती फोन का हो करत नाही? वर्ष होत आलं. तिला सांगा, रागावलो नाही म्हणावं.' दर वेळी मी 'सांगते' म्हणते.

तुझ्याबद्दलही बोलतात. हे ऐकायला तू हवी होतीस. 'इथे एक बाई असतात. माझं फार करतात. त्यांच्या घरी कुणी असेल की नाही, कशाला माझ्यापायी हाडाची काडं करतात. डोक्याला तेल लावायला लागल्या की मी डोळे मिटून घेतो. हात अगदी माझ्या थोरलीचा.' नाव गेलं, चेहरा गेला, पण तुझा हात त्यांना अजून ओळखू येतो, ताई. माझा आवाज गेला. मला तुझा हेवा वाटला, आणि तू तिकडे माझा हेवा करत बसली होतीस. म्हणूनच वाटलं, हे तुला कळलंच पाहिजे.

आणखी एक. तू माझा फोटो दाखवून त्यांची तयारी करून घेतेयस, हे मला त्यांनीच सांगितलं. 'त्या बाई रोज एक फोटो पुढे धरतात, कोण म्हणून विचारतात. मला नाही येत. पण चुकलं की त्यांचा चेहरा पडतो हो. म्हणून आता मी आधीच धाकटी म्हणून मोकळा होतो.' तू मात्र लिहिलंस, 'फोटोत तुला झटकन ओळखलं!' मी हसले आधी. नंतर ते पुन्हा पुन्हा वाचलं.

तर पत्र एवढ्यासाठीच. तो फोटो आता कपाटात ठेवून दे. मी दारात आले की 'बघा कोण आलंय' म्हणून मला पुढे ढकलू नकोस. ते घाबरतील, आणि मलाही ते सोसायचं नाही. मागच्या रविवारी त्यांनी खुर्चीवाल्या बाईंना चहाला बोलावलंय. म्हणाले, 'इकडे कधी आलात तर जरूर या. तोवर धाकटी आलीच तर गाठही घालून देतो.' मी हो म्हटलंय. तेव्हा मी पाहुणी म्हणून येईन, आणि मग माझा पाय काही निघायचा नाही. तू आधी चार दिवस नुसती झोप. त्यांच्या डोक्याला तेल मात्र तूच लावायचं, तिथे माझा हात चालणार नाही. संध्याकाळी ते दाराशी खुर्ची टाकून धाकटीची वाट बघत बसतात, असं तू लिहिलंस ना? शेजारी माझ्यासाठी एक स्टूल ठेव. मी त्यांच्याबरोबर तिची वाट बघत बसेन.

तुझीच, आता फक्त तुझीच,
धाकटी