रविवारी मंजूला न्यायला येणार आहेत

प्रिय वन्सं,

तुम्ही जाऊन तीन महिने होत आले आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसलेय. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, नाक मुरडू नका. तुमच्या मोर्चांची निम्मी पोस्टरं मीच साठवलेल्या पाठकोऱ्या कागदांवर रंगली आहेत!

मंगळवारी मंजू आली. वैजापूरहून एकटीच, एस.टी.नं. हातात एक पिशवी आणि दंडावर नवऱ्याच्या माराचे वळ. चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, आत्याला बोलावून घे ना." मग तिचं तिलाच आठवलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली.

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? जन्मभर लोकांच्या लेकींसाठी धावलात. कोणाची सासू, कोणाचा फौजदार, कोणाचं कोर्ट. आणि सख्ख्या भाचीची वेळ आली तर नेमक्या तुम्हीच नाही! डॉक्टरांनी छातीची तपासणी सांगितली होती तेव्हा म्हणालात, "एवढा मोर्चा होऊ द्या, मग बघू." मोर्चे कधी संपतात का हो?

आपला मेळ तसा पहिल्यापासूनच बसला नाही. मी लग्न होऊन औरंगाबादला आले तेव्हा तुम्ही कॉलेजातल्या पुढारी. माझ्या हातावरची मेंदी गेली नव्हती, तोवर पोलिसांनी तुम्हाला हर्सूलच्या जेलात नेऊन ठेवलं. सासूबाई रडत बसल्या आणि डबा घेऊन मला जावं लागलं. एकादशी होती म्हणून साबुदाण्याची खिचडी नेली. तुम्ही ती सगळ्या पोरींना वाटून टाकलीत आणि वर मोठ्यानं, "वहिनी, उद्या जास्त आणा! आणि दाण्याच्या कुटाला हात आखडू नका!" पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा हसला. नव्या नवरीची काय ती शोभा!

मग बजाजनगरच्या त्या बाईला आणलंत, दोन लेकरांसकट. झोपवलंत कुठं, तर माझ्या देवघरात! मी म्हटलं, वन्सं, पूजा कशी करू? तर म्हणालात, "देव बाहेर ओसरीत आणा की वहिनी. त्यांना कोण मारायलंय?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. त्या बाईची लेकरं मात्र रोज माझ्या हातचा प्रसाद खात होती.

तुमच्या शोकसभेत सगळे तुम्हाला रणरागिणी म्हणाले. म्हणू देत. रणरागिणीला स्वतःचा चष्मा कधी सापडला नाही, हे कोणी सांगितलं नाही.

तर मंजूचं. तिच्या सासऱ्यांचा फोन आला होता. "विहीणबाई, लई दिवस ठिवू नका. गावात लोक इचारायलेत, सून नांदायला कवा येती म्हणून." रविवारी चार माणसं घेऊन ते तिला न्यायला येताहेत. तुमचे दादा म्हणतात, "समजूत घालू आणि नांदायला पाठवू. आलेल्या माणसांचा मान ठेवायला पाहिजे."

नांदायला! या एका शब्दावरून तुम्ही मंजूच्या लग्नात माझा काय जीव खाल्लात! तिच्या डोक्यावर हात ठेवून मी "सुखानं नांद" म्हणाले, तर तुम्ही भर मांडवात विचारता, "वहिनी, दादा आपल्या घरात काय करतो?"

"काय करतात म्हणजे? राहतात."

"आणि तुम्ही?"

"मी नांदते."

"मग बघा! घर एकच. त्यानं राहायचं आणि तुम्ही नांदायचं!"

मला राग आला. म्हटलं, लक्ष्मीसुद्धा घरात नांदतेच की! तर तुम्ही बुंदीचा लाडू खात, "व्हय, पण तिचं मन उडालं की ती चालायला लागते. तिला माघारी न्यायला चार माणसं जात नाहीत." पलीकडे मंजूची सासू ऐकत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आज सकाळी देवीला हात जोडले. तोंडात सवयीनं आलं, "लेक सुखानं नांदू दे," आणि पुढं सरेना. मागं मंजू मेथी निवडत होती, डाव्या हातानं. उजवा तिला उचलवत नाही. देवीपुढं काय मागायचं, तेही तुम्ही नासवून ठेवलंत, वन्सं! शेवटी नुसतं म्हणाले, "लेक राहू दे." देवीला कळलं असेल.

मला भाषण येत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले, पण कायद्याचं एक कलम मला ठाऊक नाही. देवधर्म मी सोडणार नाही, आणि तुम्ही कितीही नको म्हणून गेलात तरी तुमचं वर्षश्राद्ध करणार आहे. तिथं तुमचं काही चालायचं नाही.

पण एक वचन देते. रविवारी मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहणार नाही. बैठकीत यांच्या शेजारी बसेन. ती माणसं वाटेल ते बोलतील, यांची मान खाली जाईल, मला ते बघवणार नाही. तरी उठणार नाही. आलेल्यांना खुर्च्या देईन, पाणी देईन, दुधाचा चहा देईन.

मंजू तेवढी देणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमची वहिनी