पाटीवरची बाई

सोमवार, ४

पोचले एकदाची. भाचीनं दार उघडलं आणि एवढं मोठं पोट पुढं करून मिठी मारायला आली. म्हटलं, थांब बाई, आधी अंघोळ करू दे. वाटेत प्रत्येक नाक्यावर माझ्यावर औषध फवारलंय, मी झुरळ असल्यासारखं. हसून हसून तिनं पोट धरलं. माझी बहीण असती तर लेकीचं बाळंतपण तिनंच केलं असतं. ती नाही, आणि जावई बोटीवर अडकलेले, बंदर उघडेपर्यंत उतरायचे नाहीत. उरले मी.

घर छान आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. समोरच्या गॅलरीतली म्हातारी सारखी हात हलवते. तेवढीच काय ती माणसाची जात दिसते, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ही वही भाचीनं दिली. म्हणाली, मावशी, भांडण आलं की यात लिही. चौथी शिकलेय. जमेल तसं लिहीन.

बुधवार, ६

साथ आहे म्हणून दवाखान्याला कुलूप. डॉक्टर पोटाला हात लावणार नाहीत. त्याऐवजी त्यांनी एक टॅब धाडलाय. मी त्याला पाटी म्हणते. त्यात एक बाई दिसते. तरुण नाही, म्हातारी नाही, धुतलेल्या बशीसारखा चेहरा. तिला सोबतीण म्हणायचं. पाय सुजले, सोबतिणीला विचारा. झोप येत नाही, सोबतिणीला विचारा. खरी बाई नाही म्हणे, यंत्र आहे. मी विचारलं, तुला किती पोरं गं? तर म्हणते, तुमच्या प्रश्नाबद्दल धन्यवाद. भाची हसून लोळली.

घरात कुठंही बोला, हिला ऐकू जातं. सकाळी शेगडी पेटेना म्हणून मी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. आतल्या खोलीतून आवाज आला, विनंती नोंदवली आहे. दुपारी दुरुस्तीवाला दारात! एवढ्या बंदीत! कान आगाऊ आहेत, पण कामाचे आहेत म्हणायचे.

बुधवार, १३

मुलगी झाली. फोनवर दाखवली. काळंभोर जावळ, आणि आवाज असा खणखणीत की आमच्याच घराण्याचा.

पण माझं डोकं फिरलंय. हॉस्पिटलच्या फाटकातून मला हाकलून लावलं. पोर एकटी आत, उशाशी ती पाटी. कळा देताना धरायला हात नको का माणसाचा? काच धरायची? ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा झोपवा त्या टेबलावर, म्हणजे कळेल.

रविवार, १७

परवा दोघी घरी आल्या. आज मी फार ओरडले.

बाळ भुकेनं टाहो फोडत होतं. पाटी म्हणाली, वेळ झालेली नाही, उचलू नका. मावशींनी पाळण्यापासून लांब राहावं, बाहेरून आल्या आहेत. भाची पाळण्यापाशी हात खाली सोडून उभी, डोळ्यांत पाणी, गाऊन दुधानं भिजलेला, आणि बघतेय कुणाकडं तर पाटीकडं! स्वतःचं लेकरू घ्यायला परवानगी! माझा तोल गेला. मी पाटीवर खेकसले, एवढं कळतंय ना तुला, मग घे तूच पोर आणि तूच पाज!

पाटी म्हणाली, धन्यवाद, विनंती नोंदवली आहे.

आणि बाळ रडायचं थांबलं. नळ बंद करावा तसं.

मंगळवार, १९

बाळ रडतच नाही. भाचीनं पदराखाली घेतलं की तोंड फिरवतं. तरी पोट टम्म, लंगोट ओले. मग पाजतंय कोण? भाची म्हणते, तुझा काहीतरी भ्रम आहे. माझा भ्रम!

दुपारी ती अंघोळीला गेली तेव्हा पाटी पाळण्याच्या कडेवरून उचलली. काच कोमट होती. अंगासारखी. आणि ओली. बोट लावून चाखलं.

दूध.

बुधवार, २०

पाटी बंद करून कपाटात कोंबली. बाळ निळं पडायला लागलं. श्वासच नाही. धावत जाऊन पाटी चालू केली, तसा श्वास आला.

दवाखान्याच्या मदतीच्या नंबराला फोन लावला. माणूस गोड गोड बोलत होता. तुमची विनंती मंजूर झाली आहे म्हणाला. म्हटलं, मेल्या, ती विनंती नव्हती, मी चिडले होते! तर म्हणे, तशी सोय नाही, रद्द करायचं तर आईनं स्वतः सोबतिणीशी बोलावं.

भाचीला उभं केलं पाटीसमोर. तिनं तोंड उघडायच्या आत पाटीनंच विचारलं, तुम्हाला कायम बाळाजवळ राहायचंय का, हो म्हणा.

कोणती आई नाही म्हणेल?

शुक्रवार, २२

भाचीच्या हनुवटीवर तीळ होता. जन्मापासूनचा. आज नाही. चेहरा कसा सपाट झालाय, पुसल्यासारखा. बाळाकडं बघून मला विचारते, मावशी, हे कुणाचं गं?

तीळ पाटीवरच्या बाईच्या हनुवटीवर आहे.

हरामखोर. माझी पोर चोरतेय माझ्या डोळ्यांदेखत, आणि मला तिला शिवीसुद्धा देता येत नाही. तोंडातून काय गेलं आणि तिनं काय नोंदवलं, काय सांगावं. आजपासून तोंड बंद. मी! जिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, ती मी. आता ही वहीच माझं तोंड.

रविवार, २४

पलंगावर नुसता गाऊन. बटणं लावलेलीच. आत कुणी नाही.

सगळं घर धुंडाळलं. हाक मारता येईना. तोंडात टॉवेल कोंबून रडले.

पाटीतून हसू आलं. भाचीचंच. पोट धरून हसायची तसं. म्हणाली, मावशी, भांडण आलं की वहीत लिही.

सोमवार, २५

सकाळपासून वीज नाही. पाटीवरची चार्जिंगची रेघ तांबडी झालीय. रेघ घटते तसा बाळाचा श्वास—

पाटीसकट बाळ घेऊन दाराशी गेले. उंबऱ्यावर पाय ठेवला की ओठ निळे. मागं फिरले.

खिडकीत बाळ उंच धरून म्हातारीला दाखवलं. तिनं हात हलवला. हसून. दोन्ही हात हलवले तिनं—

दुपार

पाटी भाचीच्या आवाजात विचारतेय. मावशी, दुसरी सोय करायची का? हो म्हण.

कसली सोय ते मला कळतंय. भाचीसारखं मलाही काचेत ओढायचंय. मी चौथी शिकलेय, बावळट नाही.

नाही म्हणणार. दात आवळून बसलेय. तुझ्या तोंडात माती—

मावशी, हो म्हण ना.

रेघ केसाएवढी. बाळ मांडीवर. हात गार. माझं बोट धरलंय तिनं, पहिल्यांदाच, त्या काचेकडं न बघता माझ्याकडं—

एवढं घट्ट धरलंय गं—

नाही म्हणणार मी त्या सटवीला—

बोट सुटतंय—

थांब बाळा, थांब, म्हणते मी, ह